पाचटावरून आलेला रणगाडा

गंगाखेडला गाडीतून उतरलो तर सुभेदार आबा कडक इस्त्रीत हजर. माझ्या वडिलांचे हे पलटणीतले दोस्त, वय ऐंशीच्या पुढे. शत्रूला परदेशाने मदत म्हणून दिलेला आणि आपल्या फौजेने लढाईत पकडलेला एक रणगाडा गावच्या शाळेपुढे उभा राहावा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज खरडले होते. आज तो येणार होता.

घरी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची) ओरपताना आबांनी लढाई सांगितली. पंजाबात आपल्या लोकांनी पाटाचे पाणी उसात सोडले आणि असले रणगाडे चिखलात बसले. "दुसऱ्या देशानं रणगाडा दिला, पर खालची जमीन कुठं दिली?" आबा म्हणाले.

ओढ्यावरचा पूल कच्चा, म्हणून आबांनीच शेतातली वाट ठरवली होती. पण पाहुण्यावर धूळ उडू नये म्हणून गावकऱ्यांनी आदल्या दिवशी टँकरने त्या वाटेवर सडा घातला होता. काळी माती ती! रणगाडा लादलेला ट्रेलर निम्म्या वाटेत चाकांच्या आसापर्यंत रुतला. शत्रूसाठी केलेला डाव आम्ही मोठ्या प्रेमाने स्वतःवरच उलटवला होता. मला हसू आले, पण आबांचा चेहरा पाहून गिळले.

ड्रायव्हर वैतागला. मागे ओढून काढतो आणि माल परत नेतो, म्हणाला. परत गेला की पुन्हा अर्ज, आणि आबांकडे तेवढी वर्षे नव्हती.

शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. टोळीतल्या रुक्मिणबाई कोयता कमरेला खोचून आल्या आणि चाकांकडे बघत राहिल्या.

"मागं नगा वढू. आमच्या ट्राल्या रोजच रुततेत. पाचट घालतो, पुढंच काढा."

अख्खी टोळी पाचटाचे (उसाच्या वाळल्या पानांचे) भारे आणून चाकांखाली दाबू लागली. मीही चार भारे उचलले आणि हात कापून घेतले. तीन ट्रॅक्टर एकामागे एक जुंपले. ट्रेलर हलला, कुरकुरला आणि पाचटावरून निघाला तो थेट शाळेपुढेच थांबला. हलग्या वाजल्या. नारळ फोडायला सरपंच पुढे झाले, तर आबांनी तो रुक्मिणबाईंच्या हातात दिला.

"तवा उसानंच अडवला व्हता," ते म्हणाले, "आज उसानंच घरी आणला." त्यांचे डोळे वाहत होते, आणि माझेही.

लढायांवर लिहिण्यात माझी उमर गेली, पण परतीच्या गाडीत वही उघडली तेव्हा पहिल्यांदा रणगाड्याचे नाही, रुक्मिणबाईंचे नाव लिहिले.