तारेतली मुरड

सदर कर्मचारी स्त्री, वय बावन्न. पद डेक-सहायक, श्रेणी तीन. शिक्षण दहावी नापास. स्वभाव हट्टी. जहाजाच्या वैज्ञानिक क्षमतेशी थेट संबंध नाही.

ती क्षमता माहितीपत्रकात चार पानं पसरली आहे. सहा हजार मीटर खोल तळाचा नकाशा काढणारं ध्वनियंत्र, गाळ उपसणारी नळी, आणि हव्या त्या खोलीवरचं पाणी भरून आणणारं चोवीस बाटल्यांचं यंत्र. ते यंत्र ज्या पोलादी तारेला लटकतं तिला पत्रकात अर्धी ओळ आहे. ती तार खालीवर करणारी विंच चालवते मावशी. सगळं जहाज तिला मावशीच म्हणतं.

त्या सकाळी यंत्र वर येताना जहाजाने गचका खाल्ला. तार क्षणभर सैल पडली, पुन्हा ताठ झाली. यंत्र डेकवर टेकलं आणि मावशीला तारेत करंगळीएवढी मुरड दिसली.

मुख्य शास्त्रज्ञ धावत आले. सर्वांत खोल ठिकाण अजून बाकी, उद्या वादळाचा अंदाज, आणि तार कापून नवं टोक बसवायचं म्हणजे पाच तास. ताण दाखवणाऱ्या पडद्यावर तर सगळं हिरवंगार होतं.

"मग पडदाच बांधा टोकाला आणि सोडा खाली," मावशी म्हणाली.

पुढच्या सफरीचा तिचा करार आपल्या सहीने होतो, याची त्यांनी आठवण करून दिली. मावशीला ते पाठ होतं. धाकट्या मुलीचं शिक्षण दोन वर्षं उरलं होतं. तिने विंचची किल्ली काढून खिशात घातली.

"साहेब, सही तुमची. किल्ली माझी."

कप्तानांना बोलावलं. त्यांनी मुरड पाहिली, हवेबद्दल दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

मावशीने तार कापली. मुरडीपाशी आतले पदर जुन्या झाडूसारखे पिंजलेले होते. तो तुकडा तिने शास्त्रज्ञांच्या चहाशेजारी ठेवला आणि नवं टोक बसवायला घेतलं. दुपारी यंत्र तळाशी गेलं, चोवीसही बाटल्या भरून परत आलं.

अहवालात लिहिलं गेलं: आडमुठेपणामुळे संशोधनाचे सव्वापाच तास वाया. खाली तिची सही मागितली.

"तो तुकडा जोडा अहवालाला, लगेच करते," ती म्हणाली.

तुकडा जोडला गेला नाही. सहीही झाली नाही.

पुढच्या सफरीला तिच्या जागी श्रेणी दोनचा प्रमाणपत्रधारक चालक नेमण्यात आला. यंत्र सध्या चार हजार आठशे मीटर खोल, तळावर आहे. तार तेवढी वर आली.