ऑफ म्हणजे काय

बुरोंडीच्या काशीरामने तीस वर्षं बोटीवर काढली. भांडी घासायला लागला आणि बटलर होऊन उतरला. शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी शिकला ती साहेबांच्या शिव्या खाऊन. पहिल्याच सफरीत मोठा साहेब म्हणाला, "मिल्क इज ऑफ." काशीरामला वाटलं, दुधाखालची शेगडी बंद झाली. त्याने ते नासकं दूध पुन्हा तापवून साहेबापुढे ठेवलं. त्या दिवशी जे ऐकावं लागलं, त्यानंतर तो वहीत शब्द लिहायला लागला. एकट्या 'ऑफ'चे सतरा अर्थ जमले. दिवा ऑफ, ड्यूटी ऑफ, बोट किनाऱ्यापासून लांब तीही ऑफ.

निवृत्तीनंतर गावातला इंग्रजी कागद त्याच्याकडेच यायचा. कंपनीचं पत्र असो की औषधाची चिठ्ठी, काशीकाका चष्मा पुसून वाचायचे.

चौऱ्याऐंशी साली मात्र सावित्रीच्या घरी तार आली तेव्हा ते दापोलीला गेलेले. सावित्रीचा नवरा आत्माराम बोटीवर खलाशी होता. संपात मुंबईची गिरणी सुटल्यापासून गावीच असलेल्या शेजारच्या सदूने तार घेतली. 'आत्माराम ऑफ शिप कोलंबो. लेटर फॉलोज.' सदूची इंग्रजी लालबागची. तिथे माणूस ऑफ झाला म्हणजे गेला. तार घेऊन तो सावित्रीकडे वळला.

"वैनी, आत्माराम ऑफ झाला गो," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

दुपारच्या एस्टीने काशीराम परतले, तर सावित्रीच्या अंगणात बायका जमलेल्या. तिचं कुंकू कुणीतरी पुसलंही होतं. काशीरामांनी तार दोनदा वाचली.

"आत्माराम बोटीवरून उतरलाय," ते म्हणाले. "कोलंबोला. माणूस गेला तर कंपनी असा लिहीत नाही, त्याला निराळा शब्द आहे."

"मग उतरला कशाला? अजून सहा महिने होते ना त्याचे?" सावित्रीने विचारलं. "काका, खरा काय ता सांगा."

काशीरामांना धीर द्यायला काहीही सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "ता यात नाय लिवलेला. आजारी असंल, नायतर भांडून उतरला असंल. मला ठावूक नाय. उद्या विचारून येतो. तोवर कुंकू लाव."

सदू पडवीच्या कडेला मान खाली घालून बसला होता. "काका, माझ्यामुळे झाला सगळा."

"मुंबईत तसाच म्हणतात ना?"

"व्हय."

"मग तुझा अर्थ काय खोटा नव्हता. तो माझ्या वहीत नव्हता, एवढाच." घरी जाऊन त्यांनी अठरावा अर्थ लिहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने ते दापोलीच्या पोस्टात गेले. कंपनीला ट्रंक कॉल लावला आणि बाकावर बसून राहिले. पावणेचार तासांनी लाइन लागली. पलीकडचा कारकून घाईत होता; काशीरामांनी त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावलं. लोखंडी शिडीवरून पडून आत्मारामची मांडी मोडली होती. ऑपरेशन झालं होतं, जिवाला धोका नव्हता.

संध्याकाळी त्यांनी सावित्रीला आहे तसंच सांगितलं, मोडक्या पायासकट. मांडी मोडल्याचं ऐकून ती रडली, मग उठून चूल पेटवायला गेली. सदूने न सांगता विहिरीवरून पाणी आणून ठेवलं.

आत्माराम अडीच महिन्यांनी आला. पाय थोडा आखूड झाला होता, बोटीची नोकरी काही परत मिळाली नाही. पुढे तो बंदरावर जाळी विणायला बसू लागला आणि त्यात त्याचा हात चांगला चालला. काशीराम मात्र त्यानंतर तार वाचताना बोटाने दाखवून सांगायचे, "इथपर्यंत कागद बोलतो. याच्या पुढचा मी बोलतोय, ता तपासून घ्या."