मुरलीभाऊंची उकल

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. दुकानात कुणी असलं काही सांगायला बसलं की मी तोंडावर म्हणायचो, "भाऊ, जेवण जड झालं असन तुमाले." इथं लोकांनी लिहिलेले अनुभव वाचूनही खूप हसलोय मी. आज मीच लिहायला बसलोय... आणि भीती वाटते म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

मी इस्माईल. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत माझं फोटो फ्रेम करायचं छोटं दुकान आहे. शिक्षण मराठी शाळेत झालं आणि तिथूनच शब्दकोड्याचा नाद लागला. आमच्या भागातलं वाचनालय दरवर्षी एका दिवाळी अंकातलं महाकोडं घेऊन स्पर्धा ठेवतं. अख्खं दोन पानी कोडं, आणि सरळ शब्दार्थ एकही नाही, सगळी सूत्रं आडवळणाची. 'उलटी वाहिली नदी, गरीब झाली बिचारी' — म्हणजे 'नदी' उलटी वाचा, 'दीन' येतं. असे.

पण आमच्याकडे नुसतं उत्तर चालत नाही. दिवाळीनंतर सगळे जमतात, आणि उत्तर कसं निघालं ते फळ्यासमोर उभं राहून समजावून सांगावं लागतं. त्याला उकल म्हणतात. उकल नाही तर उत्तर बाद, मग ते बरोबर का असेना.

माझी गोम इथंच होती. मला शब्द सुचतो, पण तो काऊन आला ते सांगता येत नाही. ते काम मुरलीभाऊंचं.

मुरलीभाऊ मूळचे गोंडपिपरीकडचे, हायस्कूलचे मास्तर. रिटायर होईपर्यंत रोज संध्याकाळी माझ्या दुकानात स्टुलावर बसायचे. मुलगी वनिता एटापल्लीला शिक्षिका आहे. बायको वारल्यावर ते तिच्याकडे राहायला गेले. तेव्हापासून आमचं कोडं फोनवर चालायचं. मी फोन लावायचा, आणि ते हॅलोबिलो काही न म्हणता विचारायचे, "सांग, कुठी अडला?"

एक गोष्ट लपवत नाही. मी फोन करायचो तो फक्त दिवाळीत, कोडं हातात आल्यावर. बाकी वर्षभर त्यांचा फोन आला तर उचलायचो, पण "भाऊ, गिऱ्हाईक आहे" म्हणून लवकर ठेवायचो.

गेल्या दिवाळीचीच गोष्ट. अंक आला आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. लगेच लागला. तोच आवाज — "सांग, कुठी अडला?" मागून पाण्याचा डुबुक डुबुक आवाज येत होता. मला माहीत होतं, त्यांच्या घरी रेंज नाही, बोलायला ते बोडीच्या पाळीवर जाऊन उभे राहतात. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. त्यामुळे त्या आवाजाचं काहीच वाटलं नाही.

मग रोज दुपारी तेच. मी सूत्र वाचायचो, भाऊ उकल सांगायचे, मी समासात लिहून घ्यायचो आणि "ठेवतो भाऊ" म्हणून कट. माझी बायको डबा घेऊन यायची. एकदा तिनं विचारलं, "भाईसाब की तबियत पूछी क्या?"

"हाँ हाँ, अच्छे हैं," मी म्हणालो.

मी विचारलंच नव्हतं. एकदाही नाही.

शेवटी एकाच सूत्रावर आम्ही भांडलो. 'रानात लागतो, मागून गावाला धरून येतो.' अक्षरं तीन, शेवटचं 'वा'. मी म्हटलं, वणवा! आणखी काय? भाऊ म्हणाले, "वणव्यात गाव कुठी हाय? उकल करून दाखव. सुगावा लिही. रानात सुगावाच लागते, अन् त्याच्या मागं 'गावा' आहेच." मला पटलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. मी चिडलो. म्हणालो, "भाऊ, आता म्हातारे झाले तुमी, डोकं नाई चालत तुमचं," आणि फोन कापला.

वाचनालयात मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि एकेक उकल अशी सांगितली की लोक टाळ्या वाजवत होते. चुकलं एकच — वणवा. उत्तर सुगावा होतं. तरी पहिला नंबर माझाच आला. शाल-श्रीफळ देताना अध्यक्षांनी विचारलं, "इस्माईलभाई, कोणाची मदत?" मी माइकवर म्हणालो, "नाही साहेब, एकट्यानंच सोडवलं."

घरी आलो, पण शाल कुणाला दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, शाल आणि अंक पिशवीत घातला आणि आलापल्लीवरून एटापल्लीची बस धरली. भाऊंची माफी मागायची, शाल त्यांच्या अंगावर घालायची, एवढंच मनात होतं.

वनितानं दार उघडलं आणि ती रडायलाच लागली. "काका, तुमाले कोणं सांगतलं?"

"काय सांगितलं?"

"बाबाले लकवा मारला ना. दसऱ्यालेच. आवाज पार गेला, एक शब्द निघत नाई."

मी म्हणालो, "अगं, काहीतरीच काय! दिवाळीत रोज बोललो मी त्यांच्याशी. फोनवर."

"कोणत्या फोनवर काका? बाबा बोडीच्या पाळीवरच पडले, अन् फोन गेला पाण्यात. लोकायनं गाळ उपसून पाहिला, भेटलाच नाई. तुमचा नंबरबी त्याच्यातच होता, नाई तं मी कळवलं असतं. दसऱ्याचं सोनं द्याले तुमालेच फोन लावून राह्यले होते ते."

दसऱ्याला दुकानात गर्दी होती. स्क्रीनवर भाऊंचं नाव दिसलं होतं. मला वाटलं, कोडं तर अजून यायचंय, आता काय बोलणार... मी कॉल कापला होता.

वनिता पुढं सांगत होती. दिवाळीच्या सुट्ट्या म्हणून ती घरीच होती. रोज दुपारी बाबांचे ओठ हलायचे, डाव्या हाताचं बोट चादरीवर चौकटी काढायचं. "आमाले वाटलं, भ्रम झाला. एका दिवशी तं लई तरपडले, खाटेवर हात आपटू आपटू एकच काहीतरी तीनदा लिहिलं. बाजाराचा दिवस होता, म्हणून ध्यानात आहे. अन् काका, रोज ते झालं की दाराकडे पाहून रडत."

आमचं भांडण झालं तो दिवस मी तिला विचारून ताडून पाहिला. तोच निघाला.

आत गेलो. भाऊ खाटेवर होते, माझ्याकडेच बघत होते. मी खाली बसून हात धरला. काय काय बोलायचं होतं! आणि तोंडातून निघालं काय? "भाऊ, ते सुगावाच होतं. तुमचंच बरोबर निघालं." थूत्! तिथंही कोडंच. त्यांचे ओठ हलले, मला काही कळलं नाही. मी शाल पांघरली आणि बस चुकेल म्हणून निघालो. कसे आहात, हे तेव्हाही विचारलं नाही.

थंडी संपता संपता भाऊ गेले.

माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवाळीत त्यांच्या नंबरला लावलेले कॉल अजून आहेत, पण किती वेळ बोललो ते कुठंच दाखवत नाही. बायकोला विचारलं, तर ती म्हणते तिला फक्त माझंच बोलणं ऐकू यायचं. कुणी म्हणतं, इस्माईल, तूच सोडवलं असशील, आवाज तुझ्या डोक्यातला. असेल बाबा. पण मग एटापल्लीत त्यांचं बोट काय लिहीत होतं? मला उकल येत नाही, कधीच आली नाही.

आता दुपारी डबा तसाच ठेवून मी तो नंबर लावतो. कोडंबिडं काही नसतं हातात. फक्त विचारायचं असतं — भाऊ, तुमी कसे आहात? तिकडून ती बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

माझं अडलं होतं तेव्हा मात्र रोज लागत होता.