जाम नदीचं उदाहरण
संत्र्याच्या फुलांचा वास आला की मला सौंसर गावी दिलेली मास्तरकीची परीक्षा आठवते, कारण त्या खोलीच्या खिडकीबाहेर बागच होती. नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. मला मास्तरीण व्हायचं होतं. नापास झाले असते तर घरचे लगेच लग्न लावून देणार होते. निबंधाला पाऊण तास होता आणि विषय होता, 'नदी माणसांना जोडते की तोडते? उदाहरणे द्या.' गुरुजींनी पाठ करून घेतलेली गंगा मी लिहिली, पण ती कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे दोन ओळींतच संपली. मी त्या खोडल्या आणि आमची जाम नदी लिहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत पांढुर्णा आणि सावरगाव दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारतात. माझे बाबा पांढुर्ण्याचे, मामा सावरगावचा. संध्याकाळी मामाचं फुटलेलं डोकं बाबाच हळद लावून बांधत. पेपर झाल्यावर हे ऐकून गुरुजी म्हणाले, "काय वं पोरी, निबंधात कोणी गोटमार लिहिते काय?" आठ दिवसांनी तोंडी परीक्षेला जबलपूरहून आलेल्या साहेबांपुढे माझाच पेपर होता. "मग पुढच्या वर्षी मामा पुन्हा दगड मारतो?" त्यांनी विचारलं. "मारते जी. बाबा बी मारते." "मग नदी जोडते की तोडते?" मी खरं तेच सांगितलं, "मी अजून पाहूनच राहिली जी." ते हसले नाहीत, त्यांनी वहीत जाम नदीचं नाव लिहून घेतलं. मी पास झाले, चौतीस वर्षं शिकवलं. ते साहेब कधी पोळ्याला आमच्या नदीवर आले असतील का, हे मात्र मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं.