लाली मोजणाऱ्या ताई

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ताईच म्हणत. त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेले विभागाचे साहेबसुद्धा. ताईंचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं होतं. कारखान्यांत वापरायची रसायनं माणसाच्या कातडीचं काय करतील, ते आधी सशाच्या कातडीवर बघायचं. आदल्या दिवशी सशाच्या पाठीवरचे केस मशीननं काढायचे, दुसऱ्या दिवशी तिथे थोडं रसायन लावून पट्टी बांधायची, चार तासांनी सोडून पुसून घ्यायची. मग मोजायचं. तासाभरानं, एक दिवसानं, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी. लाली शून्य ते चार, सूज शून्य ते चार.

लाली मोजायला यंत्र नव्हतं, ताईंचे डोळे होते. एकोणीस वर्षं ते डोळे एकाच दिव्याखाली गुलाबी कुठे संपतं आणि लाल कुठे सुरू होतं ते ठरवत आले होते. घरी लेकीनं नवा ड्रेस घालून दाखवला, की ताईंच्या तोंडून आधी "दोन" निघायचं आणि मग "छान आहे." लेक हसून लोळायची.

सुरुवातीला सशांना हात लावताना त्यांना रडू यायचं. पुढे रडू थांबलं आणि पाठ दुखायला लागली. चाचणी संपली की सशाला शेवटचं इंजेक्शन देत. तेव्हा त्याला धरायला ताईंनाच बोलवायचे, कारण त्यांच्या हातात ससा धडपडत नसे. हे आपलं कौतुक म्हणायचं की काय, याचा विचार करणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या आठवड्यात आलेल्या बाटलीवर नेहमीसारखा नुसता आकडा होता. कोणाचं रसायन, कशासाठी, हे ताईंना कळायचं कारण नव्हतं. झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला. घट्ट, पिवळसर द्रव, आणि वास जळक्या रबरावर व्हिनेगर ओतल्यासारखा. हा वास त्या गेले कित्येक महिने रोज बादलीत बुचकळून काढत होत्या. नवऱ्याच्या शर्टांतून.

नवरा रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायच्या विभागात होता. उन्हाळ्यापासून त्याची मनगटं लाल झाली होती, बोटांना भेगा पडल्या होत्या. "पाणी बाधलंय," असं म्हणून तो विषय मोडीत काढायचा. ताईही कानाडोळा करायच्या. दिवसभर कातडीच बघायची, घरी येऊनही कातडीच कोण बघणार?

नियमाप्रमाणे पहिल्यांदा एकच ससा घेतला. पट्टी सोडली तेव्हा लाली दोन. दुसऱ्या दिवशी तीन. साहेब म्हणाले, "त्रासदायक आहे, हे तर दिसतंच आहे. उद्या आणखी दोन ससे लावून खात्री करून घेऊ."

तिसऱ्या दिवशी ताईंनी ससा दिव्याखाली घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. डागाच्या कडेला मसुराएवढा काळपट ठिपका होता. त्यांनी बोटानं हलकेच दाबलं. ससा शहारलासुद्धा नाही.

"साहेब, इकडे या. इथली कातडी मेलीय."

"पट्टीची खूण असेल, ताई."

"पट्टीची खूण मी एकोणीस वर्षं बघतेय. पट्टीची कड इथे नव्हतीच."

साहेबांनी भिंग आणलं. खाली वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत असायचा. "बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "कातडी जाळणारं आहे हे. मग आणखी ससे लावायची गरजच नाही. दोन वाचले तुमच्यामुळे."

ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त बसावंसं वाटलं. आणि बसल्यावर डोळ्यांपुढे ससा नव्हता, नवऱ्याची मनगटं होती.

आतलं बाहेर बोलायचं नाही, असं नोकरीला लागतानाच लिहून घेतलेलं होतं. ताईंनी कधी शेजारणीलाही काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी नवरा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसला होता. बोटं वळत नव्हती म्हणून.

"अहो, पिंपं कशानं धुता हल्ली?"

"आहे काहीतरी नवीन. पिवळं. पाण्यात घालून वापरतो."

"हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी त्याचा हात खिडकीपाशी नेला. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं आणि विचारलं, "दुखतं?"

"नाही. तिथलं काही कळतच नाही आता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेच रसायन आहे अशी शपथ घेता येणार नाही, पण वास तोच आहे, रंग तोच आहे, हेही सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी हसून म्हणाला, "म्हणजे आता तीन दिवस बघणार आणि मग मलाही इंजेक्शन देणार का?"

"गप्प बसा हो," म्हणत त्यांनी त्याचा हात आणखी घट्ट धरला. मग तो हसायचा थांबला.

"हातमोजे देत नाहीत का तुम्हाला?"

"देतात की. कापडाचे. दहा मिनिटांत भिजतात, मग दिवसभर तेच ओलं हाताला."

दुसऱ्या दिवशी ताईंनी रजा टाकली आणि त्याला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि पिंपांपासून लांब राहायची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी बघून कारखान्यानं त्याला डबे भरायच्या विभागात बसवलं. तिथे जादा पाळी मिळत नव्हती, म्हणून तो महिनाभर घरात कुरकुरला. पिंपांवरच्या तिघा सोबत्यांना त्यानं सांगून बघितलं. एकानं पदरमोड करून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेतले. दुसरा म्हणाला, "बायकोनं घाबरवलं वाटतं तुला." तिसऱ्यानं स्वतःचे हात खिशात घातले.

चार-पाच महिने गेले. एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, "पिंपांवर नवी चिठ्ठी चिकटवलीय. हातावर थेंब पडतोय आणि हात खाल्ला जातोय, असं चित्र आहे."

"आणि हातमोजे?"

"आले. जाड, रबरी. सगळ्यांना."

ते ताईंच्या अहवालामुळे झालं, की दुसऱ्याच कशामुळे, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. "बरं झालं," म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. नवऱ्याचे हात एव्हाना बरेच सुधारले होते, पण अंगठ्याच्या बुडाशी कळत नव्हतं ते नव्हतंच.

त्याच आठवड्यात त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला कागदपत्रांच्या खोलीत बदली हवी."

"तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कोणाची आहे, ताई?"

"शिकवते. दोन महिन्यांत शिकवून देते."

"काही झालंय का?"

ताईंना पुष्कळ सांगता आलं असतं. "दमले हो साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली आणि नवीन लागलेल्या मुलीला आत बोलावलं. ताईंनी हातमोजे चढवले, पिंजऱ्यातून ससा उचलला, तो नेहमीसारखाच शांत राहिला. त्यांनी त्याची पाठ दिव्याखाली धरली.

"घाई नको," त्या मुलीला म्हणाल्या. "लाली किती दिसते ते सांग. माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ."