अक्का, जरा काच बघा

काचांचे किस्से माझ्याकडे एवढे साठलेत, की मी एक सुरू केला की घरचे आधी ताटं वाढून घेतात. ही एकावर थांबणार नाही, हे त्यांना ठाऊक!

नव्वदच्या दशकात बेंगळुरूला, शिवाजीनगरच्या बस स्टँडसमोर आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. थोरला भाऊ, अण्णा, आतलं मशीन बघायचा. काचा माझ्याकडे. भारी स्विस घड्याळांना शोरूमवाले हात लावायचे नाहीत. मग ती माझ्यासमोर यायची.

* * *

इलेक्ट्रॉनिक सिटीतला एक इंजिनियर आला. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, तारखेवर भिंगाचं टेंगूळ.

"अक्का, हे काढा. म्हाताऱ्यांचं वाटतं."

काढलं. काच अशी सपाट केली, की तोच बोट फिरवत राहिला.

महिन्याभरात परत हजर. "परत चिकटवा. सासरे म्हणतात, खरं गहाण टाकून नकली घातलंय."

चिकटवलं. सासऱ्यांनी घड्याळ उलटसुलट पाहिलं म्हणे, आणि जावयाला म्हणाले, "शेवटी खरं सोडवून आणलंत ना?"

* * *

एका रिटायर्ड कर्नलसाहेबांना पोहण्यासाठी जाड काच हवी होती. बसवून दिली.

"पाणी जाणार नाही कशावरून?"

मी घड्याळ पाण्याच्या तांब्यात सोडलं आणि त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. साहेब बुडबुडा शोधत तांब्यात डोळे लावून बसले. बुडबुडा काही आला नाही. शेवटी त्यांनी घड्याळ पुसून मनगटावर चढवलं.

"सरी, ठीक आहे. आता कॉफी तेवढी गरम करून द्या."

* * *

आणि बसवनगुडीचे देशपांडेकाका. कॉलेजात शिकवायचे. रिटायर होताना विद्यार्थ्यांनी भारी घड्याळ दिलं, आणि पुढं काचबिंदूनं दृष्टीच गेली. काकू हात धरून दुकानात घेऊन आल्या.

"सारखी हिला वेळ विचारतो," काका म्हणाले. "ती कंटाळत नाही. मी कंटाळलो. काच काढून टाका, मी काटे चाचपून बघीन."

"धूळ जाईल, काका. चार दिवसांत बंद पडेल."

मग मला सुचलं, काचेला बिजागरी लावू. डबीच्या झाकणासारखी उघडेल, मिटेल.

अण्णा म्हणाला, "एवढ्या भारी घड्याळाच्या केसला भोक पाडणार? चुकलं तर घड्याळ गेलं. स्वल्प विचार कर."

काकांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "अण्णा, तसंही ते माझ्यासाठी गेलेलंच आहे."

भोक पाडताना मी श्वास रोखून धरला होता. बिजागरी बसली, पण काकांचं बोट लागलं की काटे सरकायचे. अण्णानं सेकंदकाटा काढून जाड पोलादी काटे घट्ट बसवले. मी आकड्यांच्या जागी बारीक ठिपके चिकटवले.

काकांनी काच उघडली. बोट हलकेच फिरलं, थांबलं.

"दहा," ते म्हणाले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

दोघं निघाली, समोर स्टॉपवर जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. एक बाई घाईघाईनं आली. "टाइम एष्टु?"

काकू बोलणार, तेवढ्यात काकांनी त्यांचा हात दाबला. काच उघडली, बोट फिरवलं.

"हत्तूकाल."

सव्वादहा ऐकून बाई "थँक्स" म्हणाली आणि वळूनही न बघता बसकडे पळाली.

काकांनी काच मिटली. मनगट मात्र तसंच पुढं धरून ते उभे राहिले, आणखी कुणी विचारतंय का म्हणून.