फास्ट वाजवा, लग्न आहे!

मास्तर कधी दार वाजवत नसत. ते आमच्या काळाचौकीच्या चाळीत जिन्याखाली उभे राहायचे, शर्टाच्या टोकानं ट्रम्पेटचं तोंड पुसायचे आणि एकच लांबलचक सूर वर सोडायचे. त्या सुरानं झोपलेली पोरं उठायची, उठलेली रडायची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू न चुकता कठड्यावरून ओरडायच्या, "इलो मेलो!" मास्तर खालून टोपी काढून त्यांना नमस्कार करायचे. "गुड मॉर्निंग, काकू! श्वास घ्या. बाकीचं तो वर बसलेला बघेल."

हे त्यांचं पालुपद. वर बसलेला म्हणजे देव. पण काकूंना बरेच दिवस वाटत होतं की ते तिसऱ्या मजल्यावरच्या चाळ कमिटीच्या सेक्रेटरीबद्दल बोलतात.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो इतकं हसवतो की त्याच्या उपकारांनी ओशाळायला आपल्याला सवडच मिळत नाही. आमचे मास्तर तसे होते. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीत. ईस्ट इंडियन कॅथलिक. बाबांच्याच गिरणीत फिटर. रविवारी चर्चमध्ये वाजवायचे आणि ख्रिस्ती मयतापुढे जो बँड चालतो, त्याचे ते म्होरके होते. म्हणून मास्तर.

मग संप झाला. मास्तरांच्या बँडमधले लोक पांगले. कोणी आखातात गेला, कोणी वसईला. त्यांची पितळी वाद्यं मास्तरांच्या घरी पलंगाखाली जाऊन पडली, आणि आमच्या घरी बाबा पलंगावर जाऊन पडले. कार्डिंग खात्यात, कापूस पिंजणाऱ्या यंत्रांपाशी उभा जन्म काढलेला माणूस भिंतीकडे तोंड करून दिवसभर नुसता खोकायचा. चाळीतले कितीतरी जण तोवर कोकणात निघून गेले होते. जाताना सगळेच म्हणायचे, संप मिटला की येतो.

माझं लग्न संपाआधीच ठरलं होतं. मुलगा दादरचा, कारकून. सासूबाई समजूतदार, हुंडा नको म्हणाल्या, मानपान नको म्हणाल्या. पण एक हट्ट: माझा मुलगा वाजतगाजत मांडवात आला पाहिजे. शेवटचाच मुलगा आहे, तेवढी हौस राहू दे. बाबा भिंतीलाच म्हणाले, "वाजप खयसून हाडू? लगीन पुढे ढकला. मी गावाक जातंय." ते गेले असते तर परत आले नसते, हे आईला कळत होतं आणि मलाही. लग्न मोडेल याची मला भीती होतीच, पण त्या भिंतीची जास्त होती.

आईनं हे सगळं जिन्याखाली मास्तरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखालून सूर आला तो थांबेचना. बघतो तर हातगाडी! तिच्यावर ढोल, झांजा, क्लॅरिनेट, तुताऱ्यांसारखं काय काय, आणि त्या सगळ्यावर मांडी घालून मास्तर. वर आले आणि त्यांनी एक भलंमोठं पितळी धूड झोपलेल्या बाबांच्या पोटावर ठेवलं.

"माका जमाचा नाय," बाबा म्हणाले. "ह्या वयात पिपाणी फुकू?"

"पिपाणी नाय रे, युफोनियम! आणि वय काय सांगतोस, मॅन? माझ्या बँडमधला एक जण मरेपर्यंत वाजवत होता. नंतर आम्ही त्याच्यासाठी वाजवलं."

बाबा हसले. संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

चाळीतले सहा-सात संपवाले गोळा झाले. पण तालीम करायची कुठे? चाळीत पहिल्याच दिवशी काकूंनी वरून पाणी ओतलं. मास्तर म्हणाले, "चला, मी अशा ठिकाणी नेतो जिथे कोणी तक्रार करत नाय." आणि त्यांनी सगळ्यांना शिवडीच्या कबरस्तानात नेलं. तिथला राखणदार त्यांच्या रोजच्या ओळखीचा. आमचे मालवणी वीर गिरणीत कोणाच्या बापाला घाबरले नव्हते, पण दिवस कलायच्या आत तिथून निघायचं, असं त्यांनी कबूल करून घेतलं. मी डबा घेऊन जायचे, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं.

बाबांनी तर भुतासाठी खिशात लिंबू ठेवलं होतं. एकदा घाम पुसायला रुमाल काढला आणि ते लिंबू सगळ्यांसमोर पडून फुटलं. आता वाजवणाऱ्यासमोर आंबट आलं की काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, क्लॅरिनेटमधून फसफस, तुतारीतून थुंकी. तालीम बंद! मास्तर एका थडग्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. "भूत पळालं रे! भूतच पळालं!"

दिवस थोडे होते, म्हणून एकच धून पक्की करायची ठरलं. मास्तरांना डोळे मिटून शिकवता येईल अशी एकच होती, ती मयताची. फार गोड, फार संथ. पहिले काही दिवस सगळ्यांनी ती तशीच घोटली. बाबा एक सूर धरायचे, अर्ध्यात खोकायचे. शेजारचा झांजवाला आणि ढोलवाला सोडले तर सगळ्यांचीच तीच गत. एका दुपारी मास्तर नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत बसले. मग एकाएकी उठून टाळ्या वाजवायला लागले. "अरे, हळू कशाला? हळू वाजवलं की मयत, फास्ट वाजवलं की वरात! फास्ट वाजवा, लग्न आहे!" आणि काय सांगू, धून धावायला लागली. तुकड्या-तुकड्यानं, उड्या मारत, झकास.

चाळीत कुजबुज होतीच. काकूंनी बाबांना सांगितलं, हा तुम्हाला बाटवणार. बाबांनी सरळ मास्तरांनाच विचारलं.

"तुला बाटवून काय करू?" मास्तर म्हणाले. "तू चर्चमध्ये पण बेसूरच गाशील."

"मग आमच्यासाठी ह्या सगळा कित्याक करतास?"

मास्तरांनी ट्रम्पेटचं तोंड पुसलं. "आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. म्हणाला, तुम्हीपण असंच करा. आता माझी कंबर वाकत नाय. म्हणून मी बाजा शिकवतो."

लग्नाच्या दिवशी आणखी एक घोटाळा. बँडचे कोट काळे! आईनं कपाळाला हात लावला. शेवटी गणपती मंडळाचे भगवे फेटे निघाले, आणि काळा कोट, भगवा फेटा अशी आमची पलटण नवरदेवापुढे परळच्या हॉलकडे निघाली. मयताची धून, वरातीची चाल. वाटेत एका गॅलरीतल्या ख्रिस्ती आजींनी म्हणे छातीवर क्रूस काढला, मग घोड्यावर जिवंत माणूस बघून परत एकदा काढला. एका टॅक्सीवाल्यानं गाडी थांबवून टोपी उतरवली. वाजवणारे जरा दमले, धून जरा मंदावली की मास्तर घोड्यापुढे उलटे धावत ओरडायचे, "फास्ट! फास्ट!" मंदावली असती तर सगळी वरात स्मशानात पोचल्यासारखी वाटली असती.

नवरदेवाच्या मामांना शंका आलीच. "ही चाल कुठंतरी ऐकलीय हो."

"ऐकली असेल," मास्तर धापा टाकत म्हणाले. "फार जुनी आहे. लय लोक या चालीवर घरी गेलेत."

मी वरच्या खोलीत गौरीहरापुढे बसले होते. खिडकीतून तो आवाज आला आणि त्यात खालचा भरदार सूर बाबांचा होता. मी इतकी हसले की आईनं मला चिमटा काढला, आणि मग आपणही पदरात तोंड घालून हसायला लागली.

मुलीचा बाप म्हणून जावयाचे पाय धुवायला बाबांची हाक आली, तेव्हा ते तसेच धावत आले. फेटा कानावर, युफोनियम गळ्यात. वाकताना ते धूड पाटावर आपटलं, ठण्ण! जावयाचे दोन्ही पाय परातीत घेऊन बाबांनी धुतले, आईनं पाणी घातलं. मास्तर दारात उभे राहून बघत होते. त्यांना हे माहीतच नव्हतं. "अरे!" ते मोठ्यांदा म्हणाले. "तुमच्यात पण पाय धुतात? मला कोणी बोललं का नाय?" आणि भर मांडवात रडायला लागले. भटजी मंत्र विसरले. मला मास्तर तेव्हा इतके आवडले की तसेच उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बाबा गावाला गेले नाहीत. गिरणी काही पुन्हा नीट सुरू झाली नाही, पण आमचा बँड चालला. लालबागपासून दादरपर्यंत लोक लग्नाला, गणपतीला बोलवायला लागले. नवी गाणी बसली, पण सुरुवात त्या धुनेनंच. मास्तर शिकवायला येत राहिले. दोन चुली त्या बँडवर पेटल्या, मग चार. मास्तर आमच्याकडे फक्त कुळथाची पिठी मागून खायचे.

पुढे त्यांचे सूर आखूड झाले, मग ते जिन्याखालून नुसतीच टोपी हलवायचे. एके सकाळी त्यांच्या घरून निरोप आला.

कबरस्तान तेच, शिवडीचं. सगळे काळे कोट घालून आले, फेटे घरी ठेवून. फाटकाशी शवपेटी खांद्यांवर चढली. बाबांनी ठरवलं होतं, आज धून तिच्या खऱ्या चालीत वाजवायची, संथ. त्यांनी सूर धरला आणि अर्ध्यातच खोकला आला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. क्लॅरिनेटवाला थांबला, बाकीचेही थांबले. पाद्री बघत होते, मास्तरांची बायको बघत होती. बाबांनी तोंडापासून युफोनियम काढला आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"हळू वाजवूक श्वास पुरणा नाय गो," ते म्हणाले. "आमच्या छातीत कापूस. तेंका म्हायत होता. म्हणान फास्ट."

इतकी वर्षं आम्ही समजत होतो, ती घाई माझ्या लग्नाची होती.

कोणीच हलेना. तेवढ्यात मास्तरांची बायको, काळ्या झग्यातली ती म्हातारी, नाक पुसत पुढे आली आणि तिनं दोन टाळ्या वाजवल्या. "बघता काय, मॅन? फास्ट! फास्ट!"

मग झांज झडली, ढोल धावला आणि बाबांचा सूर उड्या मारत सुटला. पेटी उचलणाऱ्यांना पावलं उचलावी लागली, पाद्रीबाबा झगा सावरत मागून पळत होते, आणि काकू, होय, त्याच काकू, रडत रडत ताल धरत होत्या. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मास्तर घरी पोचले तेव्हा आम्हा सगळ्यांना धाप लागली होती.